बंधाऱ्यावरच्या मरळींना जखमा आहेत, मासळीची तब्येत तपासायची कशी?

भोयाची लेक

मंडळी, नमस्कार. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेकाठी आमचं गाव. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वडील मासेमारी करायचे, आता धाकटा भाऊ करतो. प्रश्न शाळेचा नाही, घरचा आहे.

संक्रांतीच्या आधीपासून भावाच्या जाळ्यात येणाऱ्या मरळींच्या अंगावर जखमा दिसताहेत. एक मरळ मी स्वतः परातीत घेऊन बघितली. शेपटीच्या जरा अलीकडे, डाव्या कुशीला रुपयाएवढा लाल चट्टा. भोवतीचे खवले झडलेले, कडेला काळपट गोल, आणि मधे उघडं मांस, भिजलेल्या कापसासारखं पांढुरकं. मासा जिवंत होता, कल्ले हलत होते. पण परातीत टाकल्यावर मरळ जशी उसळते तशी ती उसळली नाही. पडून राहिली.

आबांनी आम्हाला शिकवलं ते एवढंच: कल्ला लाल, डोळा भरलेला, पोटावर दाबलेलं बोट उमटत नाही, म्हणजे मासा चांगला. पण ही ताज्या माशाची पारख झाली. तो मासा नदीत धड जगत होता की कसाबसा तग धरून होता, हे कल्ल्याच्या लालीवरून कसं कळणार? हा प्रश्न मला आबा असताना कधी पडला नाही याचं आता फार वाईट वाटतं.

आमच्याकडची भीमा म्हणजे उजनीतनं सुटलेलं पाणी. सोडलं की नदी वाहते, एरवी बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे अडवणीच्या फळ्या, टाकून अडवलेलं पाणी उभं राहतं. उजनीत मुळा-मुठेतनं पुण्याचं सांडपाणी येतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात उसाचा हंगाम. डिसेंबरात एका रात्री वरनं चहाच्या रंगाचं पाणी आलं, मळीचा वास पार घरापर्यंत. कुणी सोडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही. कुडलच्या संगमावर मी दरवर्षी सहल नेते, पोरांना शके ९४० चा मराठी शिलालेख दाखवायला. यंदा पोरं शिलालेखाकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावून पाण्याकडे बघत उभी राहिली.

मागच्या बाजाराला एक गिऱ्हाईक भावाला सगळ्यांदेखत म्हणालं, "तुझी मासळी घाण पाण्यातली." निम्मी पाटी परत आली. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

मला हे हवंय: या जखमा पाण्यामुळे आहेत की रोग आहे? शाळेत तराजू, मोजपट्टी, भिंग, साधा सूक्ष्मदर्शक आहे, तेवढ्यात मासळीची तब्येत तपासता येईल का? आणि ही मासळी विकावी का?

सीनाकाठ

ताई, आम्ही मोहोळकडचं, सीनेवर जाळं टाकतो. ह्यो रोग नवा न्हाई. थंडी पडली की मरळीला, वामीला अन् बारक्या खवलीला लागतोय. होळी झाली, ऊन तापलं की जातोय. त्याच पाण्यात चिलापी असती, तिला काय बी होत न्हाई, बघा तुमच्याकडं बी.

पाण्यानं मासा मरतो ती गोष्ट येगळी. दोन वर्षांमागं आमच्या डोहात तसं झालं. पहाटं गेलो तर मोठाले कटले उलटे तरंगत हुते, तोंडं उघडी. बारकी मासळी काठाला येऊन तोंड वर काढून हवा घेत हुती, ती दिस वर आल्यावर जगली. अंगावर एक बी जखम न्हाई कुणाच्या. आमच्या म्हाताऱ्यानं तवाच सांगितलं, ह्यो रोग न्हाई, पाण्याचा जीव गेलाय.

निवृत्त प्राणिशास्त्रवाला

ताई, सीनाकाठच्या दादांनी निम्मं उत्तर दिलंच आहे, आणि त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं वाक्य तर मी वर्गात सांगावं असं आहे. मी सोलापुरात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी बंधाऱ्यांवर काढली. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही केलेलं जखमेचं वर्णन, थंडीचा मोसम, मरळ-वाम-खवलीला लागण आणि चिलापी मोकळी, हे सगळं एका रोगाशी जुळतं. एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, आम्ही ईयूएस म्हणतो. ॲफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव कातडीतून आत शिरून मांस खात जातो. भारतात हा रोग १९८८ मध्ये ईशान्येकडून आला आणि मग देशभर पसरला. चिलापी आणि सायप्रिनसला (कॉमन कार्पला) तो सहसा लागत नाही. म्हणजे मरळीची जखम दाखवून "हे बघा प्रदूषण" असं म्हणालात तर समोरचा माणूस तुम्हाला एका वाक्यात गप्प करेल. मात्र पाण्याचा काही संबंधच नाही असंही नाही. धडधाकट कातडीतून हा जीव सहजी आत शिरत नाही. आम्लपणा अचानक वाढणं, कातडीवरचा बुळबुळीत थर जाणं, गर्दी, उपासमार, यातलं काही झालं की त्याला वाट मिळते. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचा काप बघूनच होते.

आता तुमचा मूळ प्रश्न, मासा नदीत धड जगत होता का? त्यासाठी मरळ घेऊ नका. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेते, पाण्यातला संपला तरी ती राहते. चिलापीही नको. ती सांडपाण्यात फुगते, तिच्या जाडीवरून नदीला चांगलं म्हणणं म्हणजे वेड्या बाभळीवरून जमीन सुपीक ठरवणं. रोहू-कटल्याचं बीज बाहेरून सोडलेलं असतं, तो कुठे वाढला याचा भरवसा नाही. तळाशी राहणारा, इथेच जन्मलेला शिंगटा घ्या. एकच जात, जवळपास एकाच मापाचे, दोन ठिकाणचे वीस-वीस. एक ठिकाण जिथे शंका आहे ते, दुसरं त्याच नदीवर जिथे पाणी त्यातल्या त्यात बरं आहे ते. एकट्या ठिकाणच्या माशांकडे कितीही बघा, तुलनेला काही नसेल तर हाती काही लागत नाही.

आधी बाहेरून बघा. पर कुरतडल्यासारखे झालेत का, कणा वाकडा आहे का, डोळे बाहेर आलेत का, गाठ आहे का, जखम आहे का. कल्ल्याचं झाकण उचलून नुसता लाल रंग बघू नका. कल्ल्याच्या झालरी वेगवेगळ्या, कंगव्याच्या दातांसारख्या दिसल्या पाहिजेत. चिकट थराने एकमेकींना चिकटल्या असतील, टोकं जाड झाली असतील तर त्या माशाला श्वास जड जात होता. कल्ला आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर पाण्यातल्या नायट्राइटचा संशय घ्या. परांच्या बुडाशी दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो लर्निया, कातडीवर सरकणारा चपटा पारदर्शक ठिपका म्हणजे आरगुलस. हे परजीवी धडधाकट माशावरही असतात, पण एका ठिकाणी वीसात दोन आणि दुसऱ्या ठिकाणी वीसात चौदा निघाले तर त्याला अर्थ आहे.

मग लांबी नि वजन. वजन ग्रॅममध्ये, त्याला १०० ने गुणा, सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. समजा २२ सेंटिमीटरचा मासा १९० ग्रॅम भरला तर उत्तर येतं १.७८. तेवढ्याच लांबीचा, त्याच जातीचा दुसरा १४२ ग्रॅमच भरला तर १.३३. दुसरा वाळलाय. प्रत्येक जातीची अंगकाठी निराळी, म्हणून वामीचा आकडा चिलापीच्या शेजारी मांडायचा नाही. लांबी थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतली तर सगळ्यांची तशीच घ्या. गाभोळी भरलेल्या माद्या वेगळ्या लिहा.

मग पोट उघडा. तुम्ही लहानपणापासून शेकडो मासे कापले असतील, पण आता पित्ताकडे बघा. मासा रोज खात असेल तर पित्ताची पिशवी लहान आणि पित्त फिकट पिवळसर. बरेच दिवस उपाशी असेल तर पिशवी टम्म आणि पित्त गडद हिरवं, निळ्याकडे झुकणारं, कारण ते आतड्यात उतरलेलंच नसतं. माझ्या अनुभवात पोराटोरांनाही एका बैठकीत शिकवता येणारी आणि सगळ्यात जास्त बोलणारी खूण हीच. काळीज, म्हणजे यकृत, तांबूस, एकसारख्या रंगाचं हवं. पिवळट, ठिपकेदार, हाताला भुसभुशीत लागणारं नको. आतड्याभोवती चरबीची पट्टी आहे की नाही तेही लिहा.

पाणी त्याच वेळी तपासा, आणि सूर्य उगवायच्या आत. हिरवं पाणी दुपारी प्राणवायूने भरलेलं असतं, त्यातलं शेवाळ दिवसा तो बनवतं आणि रात्रभर खातं. दुपारी नमुना घेणारा माणूस नदीला नेहमीच पास करतो, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की आजही राग येतो. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली एकही बुडबुडा न राहता भरायची, काठावरच मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायची. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढू, पण रंग तिथेच, नदीवर दिसतो. अल्कली हाताला भाजते, हातमोजे घाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासळीसाठीचं पाणी 'ड' वर्गात येतं: प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत. तक्रार करताना हे आकडे कामी येतात.

डिसेंबरातल्या चहाच्या रंगाबद्दल. साध्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. डिस्टिलरीच्या कच्च्या सांडपाण्याची चाळीस-पन्नास हजार. ते थोडंही नदीत आलं तरी खालच्या डोहाचा श्वास कोंडतो. पुन्हा तसं पाणी दिसलं तर तासाभरात बाटली भरा, वेळ लिहा, फोटो काढा. सोलापुरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. दोन दिवसांनी गेलात तर नदीत पुरावा राहिलेला नसतो.

भोयाची लेक

सर, तुमचं उत्तर भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. पित्ताचं ऐकून तो म्हणाला, "अगं, गेल्या महिन्यात आई म्हणत होती, मासे साफ करताना हल्ली पित्त फुटून सगळं कडू होतंय." आई हे दोन-तीनदा बोलली होती. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

खाण्याचं सांगा ना. जखमवाली मरळ आम्ही विकणं बंद केलंय. पण बाकीची?

निवृत्त प्राणिशास्त्रवाला

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी न मोजता बरोबर टिपलं.

ईयूएसचा तो जीव माणसाला लागत नाही. पण उघड्या जखमेत इतर जिवाणू वाढतात, म्हणून तशी मासळी विकायची नाही, घरीही खायची नाही. परत नदीत तर मुळीच टाकू नका. काठापासून लांब खड्डा काढून चुना टाकून पुरा. आणि हाताला कापलेलं असेल तर ती मासळी उघड्या हाताने साफ करू नका, हे भावाला बजावून सांगा.

बाकीच्या मासळीचं. जड धातू शिजवून जात नाहीत. बरेचसे काळीज, गुर्दा आणि कल्ल्यात साठतात, मांसात त्या मानाने कमी. पारा मात्र मांसातच साठतो, आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत जास्त. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर येतो, त्यातल्या काही शेवाळांचं विषही काळजात आणि आतड्यात जमतं, तेही उकळून जात नाही. म्हणून डोकं, कल्ले, आतडी, काळीज काढून टाका, गाभोळीचा मोहसुद्धा सध्या आवरा. थर आलेल्या डोहात त्या दिवसांत जाळंच टाकू नये. धातूंची तपासणी करायची तर मासा प्लास्टिकच्या पिशवीत गोठवून द्यावा लागतो. ईयूएससाठी नेमकं उलटं, गोठवायचं नाही. जखमेच्या कडेचा, निम्मा चांगला निम्मा खराब असा बोटाच्या पेराहून लहान तुकडा दहापट फॉर्मॅलिनमध्ये. मेलेला, फुगलेला मासा कुणालाच उपयोगी पडत नाही, मरायला टेकलेला पण जिवंत हवा.

पंढरीचा नावाडी

मी सरांएवढा शिकलेला नाही, पण एक गोष्ट सुचवतो. जाळ्यात काय येतं ते मोजताय तसं काय येईनासं झालंय तेही लिहा. माझ्या चुलत्यांना चंद्रभागेत एका फेरीत सात-आठ जातीची मासळी मिळायची, नावं घेताना ते बोटं मोडायचे. आता चिलापी, चिलापी आणि चिलापी. वर्षभरात शिवडा एकदा दिसला. उलट काटेरी कातडीचा सकर येतो, तो कुणी खात नाही आणि जाळं फाडून जातो. एकेका माशाला डॉक्टरकी करून नदीची तब्येत कळेल का?

निवृत्त प्राणिशास्त्रवाला

नावाडीदादा, तुम्ही म्हणता ती रीतसर पद्धतच आहे. अमेरिकेत जेम्स कार यांनी १९८१ मध्ये ती मांडली: किती जाती, त्यातल्या किती नाजूक, किती कशातही तगणाऱ्या, किती परक्या, आणि किती माशांच्या अंगावर जखमा-व्यंग, यांना गुण द्यायचे आणि नदीची इयत्ता ठरवायची. तुमच्या चुलत्यांकडून ती सात-आठ नावं आजच लिहून घ्या. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळायची तेही. जुनी नोंद नसेल तर आजच्या नोंदीला शेजार मिळत नाही.

भोयाची लेक

उशीर झाला, माफ करा. दहावीच्या सरावपरीक्षा चालू होत्या.

गेल्या रविवारी केलं. पहाटे पावणेसहाला मी, भाऊ आणि माझे दोन विद्यार्थी बंधाऱ्यावर होतो. रसायनं सरांनी सांगितलेल्या कॉलेजातनं मिळाली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी उभं आहे, तिथली बाटली आधी भरली. साका बसायला लागला तो जास्त दुधाच्या चहासारखा, जवळजवळ पांढरा. मग बंधाऱ्याखाली, जिथे बर्ग्यांच्या फटींतनं पाणी पडून दगडांवरनं वाहतं, तिथली भरली. ती गडद तपकिरी झाली. दोन्ही बाटल्या कट्ट्यावर शेजारी ठेवल्या तेव्हा भाऊ काही बोलला नाही. वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मध्ये जेमतेम चारशे पावलं आहेत. कॉलेजात आकडे काढले, वर २.१, खाली ५.४.

शिंगटे खाली वीस मिळाले, वर चौदाच. वरच्या चौदापैकी नऊ जणांचे कल्ले चिकट, झालरी भिंगाखालीही सुट्या दिसेनात. तीन जणांच्या पराच्या बुडाशी लर्निया, एक मी चिमट्याने काढला, त्याचं टोक नांगरासारखं आत रुतलेलं होतं. आणि पित्त! वरच्या माशांचं पित्त तुरीच्या दाण्याएवढं, काळपट हिरवं. खालच्यांचं शोधावं लागलं, इतकं लहान, लिंबाच्या रसासारखं. आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "वरचे उपाशी होते बिचारे." लांबी-वजनाचं गणित विद्यार्थ्यांनी केलं. वरच्यांची सरासरी खालच्यांपेक्षा कमी आली, पण चौदा मासे थोडे आहेत, म्हणून तो आकडा इथे लिहीत नाही.

म्हणजे मरळीची जखम हा रोग असेल. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून दिलेत, अहवाल यायचाय. पण त्याच डोहातल्या, जखम नसलेल्या शिंगट्यांनाही श्वास आणि अन्न पुरत नव्हतं, आणि हे आम्हाला बाहेरून कधीच दिसलं नसतं. ग्रामपंचायतीला आणि मंडळाच्या कार्यालयाला दोन्ही ठिकाणचे आकडे, वेळ आणि फोटो लावून अर्ज दिला, पोच घेतली. बर्ग्यांची एक फळी रात्रीपुरती काढून पाणी हलतं ठेवता येईल का, हेही अर्जात विचारलंय.

भावाने सध्या वरच्या डोहात जाळं टाकणं थांबवलं आहे. कमाई कमी झाली, ते खरंच आहे. आबांची एक जुनी उधारीची वही होती, तिच्या कोऱ्या पानांवर तो आता रोज तारीख, जागा, जात, लांबी, वजन आणि पित्ताचा रंग लिहितो. गिऱ्हाइकाने विचारलं तर वही उघडून दाखवतो.

सीनाकाठचे दादा, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा मोजणार आहोत. त्याच पहाटे तुमच्याकडचेही वीस शिंगटे मोजाल का? मापाची फळी आणि दोन बाटल्या मोहोळच्या एसटीने पाठवते.

सीनाकाठ

पाठवा ताई. चार वाजताच डोहावर असतो.